डॉजची चार दारं

रविवारी सकाळी वाल सोलता सोलता उर्वीने आजोबांना सांगून टाकलं, की तिला गॅरेजातली खोली नको आहे.

आप्पांचा हात परातीत थांबला. चिमटीतला वाल सालीतून सुटून पाण्यात पडला.

"नको म्हणजे?"

"हळू ना आजोबा, मामी आत आहे." उर्वीने स्वयंपाकघराकडे बघून घेतलं. "क्लेटनला घर मिळतंय मला. आम्ही पाच जणी. युनी तिथून चालत बारा मिनिटं. इथून जायचं म्हणजे आधी मामा स्टेशनला सोडणार, मग एक ट्रेन, मग दुसरी ट्रेन, मग बस. जायला दोन तास, यायला दोन तास. मी शिकू कधी आणि शिफ्ट करू कधी?"

"मग सांग की तसं."

"कसं सांगू? मामाकडे राहीन या अटीवर आईने पाठवलंय मला. आणि इथे तर माझ्यासाठी मामा गाडीच विकायला निघालाय. आज चार वाजता माणूस येतोय. मी आता तोंड उघडलं तर सगळे म्हणतील, मग तीन आठवडे काय करत होतीस?"

"काय करत होतीस?"

"घाबरत होते," उर्वी म्हणाली आणि परातीत मान घालून भराभर वाल सोलू लागली.

दोन हजार आठ सालचा फेब्रुवारी होता. त्या वर्षी मेलबर्नमध्ये ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी शिकायला आलेलं होतं. पॉइंट कुकच्या या घरातही मामाचा मुलगा राघव कॅनबेराला गेल्यावर त्याची खोली आठवडाभरसुद्धा रिकामी राहिली नव्हती. मामीच्या, म्हणजे यामिनीच्या, बहिणीची मेधा आली, तिच्या मागोमाग तिच्या वर्गातल्या दोघी आल्या, आणि दोन खोल्या भरून गेल्या. मग उर्वीच्या आईचा, सुहासिनीचा, पुण्याहून फोन आला, की उर्वीचंही ॲडमिशन झालंय. उर्वीची गादी हॉलमध्ये पडली. उरली एकच जागा, गॅरेज. आणि गॅरेजात सहा वर्षं डॉज उभी होती.

ही डॉज उर्वीच्या मामाला, गुरुदत्तला, कोलॅकजवळच्या एका शेतावर, पत्र्याच्या शेडमध्ये सापडली होती. एकोणीसशे चोपन्नची किंग्जवे. छपरावर कबुतरांची शिट, मागच्या सीटवर कोंबड्यांचं बिऱ्हाड. कुणी दुसरा असता तर हसून पुढे गेला असता. पण आप्पांनी कुर्ल्याच्या कारखान्यात अकरा वर्षं ह्याच गाड्यांना दारं बसवली होती. गुरुदत्तने तिथूनच चेंबूरला फोन लावला होता. फोन त्याच्या आईने घेतला.

"चालते का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग घेतलीस कशाला?"

ती असेतो आप्पा ही गोष्ट सांगून तिला हसवत असत. दोन वर्षांनी ती गेली, आप्पा गुरुदत्तकडे आले, आणि ज्या गाडीबद्दल फोनवर ऐकलं होतं तिच्या शेजारच्या खोलीत त्यांचा पलंग लागला. मधे फक्त एक भिंत.

तेव्हा गुरुदत्तचा धाकटा भाऊ सलील दर दोन महिन्यांनी सिडनीहून येत असे. शनिवारी सकाळी दोघे भाऊ गॅरेजात शिरत ते जेवायला हाका मारून मारून बाहेर येत. इंजिन उतरवलं, खोललं, पुन्हा बांधलं. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. रंग चढला, फिका हिरवा, दुर्वांच्या पाठीसारखा. आप्पा खुर्ची टाकून दारात बसत. हात लावायला गेले की गुरुदत्त म्हणे, "आप्पा, तुम्ही बसा. बायपास झालाय तुमचा. पूर्ण झाली की तुम्हाला बसवून फिरवून आणू."

आणि मग दोन वर्षांपूर्वीचे ते गणपती. सलील म्हणाला, सहा व्होल्टवर हिचे दिवे समईसारखे लागतात, बारा व्होल्ट करू. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घालू, सीटबेल्ट लावू, म्हणजे रस्त्यावर नेता येईल. गुरुदत्त म्हणाला, आप्पांनी बनवली तशीच राहील. स्क्रूसुद्धा बदलणार नाही. सलील म्हणाला, मग म्युझियमला दे, आप्पांना कशाला फिरवतोस त्यात, मारायचंय का? तेव्हा गुरुदत्तच्या तोंडून ते वाक्य गेलं, की आप्पा माझ्याकडे राहतात, त्यांचं काय करायचं ते मी बघीन. सलील विसर्जनालाही थांबला नाही. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले ते आप्पांच्या औषधांपुरतं.

आता तोच सलील शुक्रवारी सिडनीच्या कॅसल हिलहून आला होता. यामिनीने बोलावलं होतं. जाहिरात त्याने दिली, जिलाँगचा माणूसही त्यानेच शोधला. गुरुदत्तने फक्त मान हलवली. आप्पांना कुणी काही विचारलं नाही.

*

बिरडं झकास झालं होतं. फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानातले वाल कधी कधी दगडासारखे राहतात, पण आज लोण्यासारखे शिजले होते. तरी जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. गुरुदत्त पानातला भात चिवडत होता. सलील फोनमध्ये बघत होता. मेधा आणि तिच्या मैत्रिणी शिफ्टला गेल्या होत्या, त्यामुळे शांतता जास्तच जाणवत होती. बाहेर अडतीस डिग्री, उत्तरेकडचा भट्टीसारखा वारा, आणि नव्या वसाहतीतली लावून वर्ष न झालेली झाडं काठ्यांना बांधलेली.

मधेच सुहासिनीचा फोन आला. यामिनीने तो स्पीकरवर टाकला.

"काय रे दादा, झाली का खोली मोकळी? मी इथे सगळ्यांना सांगतेय, माझ्या भावाने भाचीसाठी गाडी काढली म्हणून. मला आधी रागच आला होता. म्हटलं, गाडीला खोली आहे आणि माझ्या मुलीला नाही?"

"होईल आज," गुरुदत्त म्हणाला.

"उर्वी, मामाला थँक्यू म्हणालीस का?"

"हो आई," उर्वी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, तिने पानाकडे.

फोन बंद झाल्यावर आप्पांनी ताक संपवलं, मिशा पुसल्या आणि विचारलं, "दारं कशी देणार त्याला?"

टेबलावर सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. गाडीबद्दल आप्पा आपणहून बोलले त्याला कितीतरी दिवस झाले होते.

"वेगळी देऊ आप्पा," गुरुदत्त म्हणाला. "ब्लँकेटमध्ये गुंडाळलीयत ना, तशीच. ट्रेलरवर चढवून नेईल तो."

"बिनदाराची?"

"बसत नाहीत हो ती. चार वेळा लावून बघितली मी."

"पुढचं उजवं अकरा वेळा," आप्पा म्हणाले. "मागचं डावं सहा वेळा. एकदा रागाने लाथही मारलीस. मला भिंतीतून सगळं ऐकू येतं गुरू. दार लागताना खण् वाजतं, म्हणजे बिजागरीकडे ओढतंय. अकरा वर्षं दिवसभर मी तेवढंच ऐकलंय. झोपेतसुद्धा कळतं मला."

गुरुदत्तचा घास हातातच राहिला. "दोन वर्षं तुम्ही ऐकत होतात? मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

हे आप्पांनी रागाने म्हटलं नाही. पण म्हटल्यावर त्यांनाच त्याची लाज वाटली. ते उठले, बेसिनपाशी हात धुतले, आणि पाठमोरेच म्हणाले, "गाडी विका, नका विकू. तुमचं घर आहे, पोरीला जागा पाहिजे, मला कळतं. पण बिनदाराची गाडी मी कधी गेटबाहेर जाऊ दिलेली नाही. एक दार लावू. एकच. किती वाजले?"

"सव्वा एक," सलील म्हणाला.

"मग चला."

*

गॅरेजात शिरल्यावर आप्पा आधी गाडीजवळ गेलेच नाहीत. लांबून खाली वाकून त्यांनी बघितलं. गाडी चार स्टँडवर होती, चाकं काढून भिंतीशी रचलेली.

"किती दिवस अशी आहे?"

"ब्रेकचं काम राहिलं तेव्हापासून," गुरुदत्त म्हणाला. "दोन वर्षं."

"आणि अशीच दारं लावत होतास?" आप्पांना हसूच आलं. "अरे बाबा, माणूस खाटेवर आडवा पडलेला असताना शिंपी माप घेतो का? उभा करावा लागतो. गाडीचं वजन चाकांवर आलं की अंग खाली बसतं, दारांचे खांब आपल्या जागी येतात. मग दार लावायचं. आधी चाकं चढवा."

सलीलने शर्ट काढून बनियनवर जॅक ओढला. गुरुदत्त दुसऱ्या बाजूला गेला. सुरुवातीला दोघे आप्पांमार्फतच बोलत होते. आप्पा, त्याला सांगा थोडं वर. आप्पा, त्याला म्हणावं नट आधी हाताने फिरव. मागचं चाक चढवताना स्टँड किंचित सरकला आणि सलील ओरडला, "दादा, हात काढ!" गुरुदत्तने हात काढला. त्यानंतर मध्यस्थाची गरज उरली नाही.

चारही चाकं टेकली तेव्हा डॉजने जुन्या स्प्रिंगांतून कण्हल्यासारखा लांब आवाज काढला. आप्पांनी तिच्या खांबावर तळवा ठेवला. पत्रा उन्हाने गरम होता. कुर्ल्यालाही दुपारपाळीत असाच असायचा. दोन रांगा, वर साखळीवरून येणारी गाड्यांची अंगं, पलीकडे रंगाचा वास. शेजारी दार धरायला रवींद्र परुळेकर, जो दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवायचा. तो जाऊनही पंधरा वर्षं झाली असतील.

"रबर काढ," त्यांनी उर्वीला सांगितलं. "दाराच्या कडेचं. हलकेच ओढ. आधी दार नुसतं बसवायचं, मग रबर. तुझ्या मामाने आधी रबर चिकटवलं, म्हणून दार मागे ढकललं जातंय."

"आणि फट किती ठेवायची?" गुरुदत्तने विचारलं. त्याने खिशातून कागद काढला. "अमेरिकन मॅन्युअलमध्ये आकडा दिलाय. आणि बिजागरीचे बोल्ट ओरिजिनलच आहेत हं आप्पा, अमेरिकेतून मागवलेत. त्यासाठीच वर्ष गेलं माझं."

"कुठलं ओरिजिनल?"

"म्हणजे… तुम्ही वापरायचात ते."

आप्पा दाराला टेकून उभे राहिले. "गुरू, सुट्या भागांच्या पेट्या यायच्या जहाजाने. उघडल्या की निम्म्या बोल्टांचा पत्ता नसायचा. परुळेकर समोरच्या गल्लीत जाऊन लोहाराकडून आटे पाडून आणायचा. प्लिमथ गाडीची हँडलं डॉजला लावलीयत मी. रबर कमी पडलं तर सायकलची ट्यूब कापून घातलीय. गाडी चालली पाहिजे, दार लागलं पाहिजे, पाणी आत आलं नाही पाहिजे. बस. सलील म्हणतो ते ब्रेक आम्हाला मिळाले असते, तर आम्ही नाही म्हटलं असतं का?"

 सलील नटावर पाना धरून तसाच बसून राहिला.

"मला वाटलं," गुरुदत्त हळूच म्हणाला, "तुम्हाला ती तशीच हवी असेल."

"मला काम हवं होतं," आप्पा म्हणाले.

यामिनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घेऊन आली. आप्पांनी दोन काड्या एकावर एक ठेवून फटीत सरकवल्या. सलीलने दार खालून उचलून धरलं, गुरुदत्तने बिजागरी आवळली, उर्वीने काडी वर-खाली फिरवून बघितली. वर अडकली. पुन्हा सैल, पातळ पत्र्याचा तुकडा घालून पुन्हा आवळ. आप्पांची बोटं कडेवरून फिरली की नेमकी अडचणीच्या जागी थांबत होती. तीनदा काढलं, तीनदा लावलं. सगळ्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मग रबर चढलं. आप्पांनी दुकानातून येणाऱ्या फुकट इंडियन पेपरचा कपटा कडेत धरून दार लावायला सांगितलं आणि तो ओढून बघितला. न फाटता, जरा अडखळत बाहेर आला.

"आता लाव," ते गुरुदत्तला म्हणाले. "ढकलू नकोस. सोड नुसतं."

गुरुदत्तने दार सोडलं. मऊ, भरीव आवाज झाला, गादीवर उशी पडावी तसा.  गुरुदत्तने ते उघडलं, पुन्हा सोडलं. मग सलीलने. मग उर्वीने दोनदा.

"बरं झालं," यामिनी पदराने तोंड पुसत म्हणाली. "निदान नीट जाईल. उर्वी, तुझा पलंग या भिंतीशी, आणि टेबल तिथे खिडकीपाशी लावू…"

"मामी, मला नको खोली."

उर्वीच्या हातात अजून काडी होती. एकदा सुरुवात झाल्यावर तिने सगळंच सांगितलं. क्लेटन, पाच जणी, दोन तास, आईची अट. बोलता बोलता रडायलाही लागली. "गाडी माझ्यासाठी नका विकू. आय फील टेरिबल. मी आधीच सांगायला हवं होतं."

गुरुदत्त यामिनीकडे बघू लागला. यामिनीचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग तो राग कुणावर काढावा हे तिला कळेना.

"मला तरी कुठे खोलीसाठी विकायची होती?" ती एकदम म्हणाली. "खोलीचं काय, आपण हॉलमध्ये पडदा लावला असता. ही गाडी आल्यापासून घरातले दोन भाऊ बोलत नाहीत. गणपतीला दोन वर्षं मी एकटीने मोदक केलेत, खायला सलील नाही, त्याची मुलं नाहीत. हिला बघितलं की मला तेच आठवायचं. म्हटलं, जाऊ दे घराबाहेर ही ब्याद. म्हणून मी सलीलला फोन केला. मला वाटलं, विकायला तरी येईल."

सलील जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाला, "वहिनी, मी विकायला नव्हतो आलो. तू बोलावलंस म्हणून आलो."

"आणि जाहिरात?"

"मला वाटलं दादा नाही म्हणेल. भांडेल तरी."

"मला वाटलं तुला हवंच आहे ते," गुरुदत्त म्हणाला. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग सलीलसमोर उकिडवा बसला. "त्या दिवशी मी जे बोललो ना, आप्पांबद्दल. ते चुकलं माझं."

"हो, चुकलं," सलील म्हणाला. मग त्याने गुरुदत्तच्या दंडाला धरून स्वतःला वर ओढलं. "बारा व्होल्ट करायचं का आता?"

"कर बाबा. पण हॉर्न जुनाच राहील."

"हॉर्न राहू दे."

बाहेर ड्राइव्हवेवर ट्रेलर लावलेली मोठी गाडी येऊन थांबली. चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. लांबून आलेल्या माणसाला तोंड कुणी द्यायचं? यामिनीने केस सारखे केले आणि तीच बाहेर गेली. आप्पांना दारातून दिसलं, उंच टोपीवाला माणूस, आणि त्याच्यापुढे हात जोडल्यासारखी उभी असलेली आपली सून. ती म्हणत होती, "सो सॉरी, मेट. माय फादर-इन-लॉ इज स्टिल वर्किंग ऑन इट." तो आधी वैतागला. मग म्हणाला, आलोच आहे तर निदान बघू तरी दे. त्याने पुढचं उजवं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, आणि हे कुणी बसवलं म्हणून विचारलं. सगळ्यांनी एकदमच आप्पांकडे बोट दाखवलं. जाताना यामिनीने त्याला डब्यात बिरडं बांधून दिलं, तो नको नको म्हणत असताना.

सुहासिनीला फोन मात्र आप्पांनी केला. ती खूप चिडली. मग खूप रडली. मग तिने उरलेल्या चारही मुलींची नावं आणि फोन नंबर लिहून घेतले.

*

उर्वीचं क्लेटनचं घर लांबलं, शेवटी पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत ती हॉलमध्येच पडद्याआड राहिली. तेवढ्या वेळात उरलेली तीन दारं बसली. सलील दर तिसऱ्या आठवड्याला येत होता. पुढे डिस्क ब्रेक आले, बारा व्होल्टची बॅटरी आली, चार सीटबेल्ट आले. जुन्या गाड्यांच्या क्लबाकडून रस्त्यावर न्यायचं परमिट मिळालं. दारांच्या कामात आप्पांनी कुणाला नुसतं बसू दिलं नाही, आणि ब्रेकच्या कामात सलीलने आप्पांना.

जुलैतल्या एका थंड, स्वच्छ सकाळी डॉज गॅरेजातून निघाली. मागे उर्वीच्या दोन बॅगा, राइस कुकर आणि गादीची वळकटी. त्यांच्यामधे कशीबशी कोंबलेली उर्वी आणि यामिनी. पुढे गुरुदत्त, शेजारी आप्पा, कानटोपी घालून. वेस्ट गेट ब्रिजच्या चढावर ट्रक रांगेने जात होते. एक अचानक थांबला, गुरुदत्तने ब्रेक दाबला, आणि डॉज एका रेषेत, शहाण्यासारखी उभी राहिली. गुरुदत्तने कपाळ पुसलं. क्लेटनला पोचल्या पोचल्या त्याने सिडनीला फोन लावला. पलीकडून सलीलने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण गुरुदत्त म्हणाला, "ब्रेक लागतात. तुझेच आहेत ना."

घर साधं होतं, विटांचं, कुंपणाशी दोन सायकली टेकवलेल्या. आतून चार मुली धावत आल्या. एक नांदेडची, एक जालंधरची, दोघी काठमांडूच्या. "दीदी, ये किसकी गाडी है?" म्हणत त्या डॉजभोवती फिरल्या, बॉनेटवर हात ठेवून त्यांनी फोटो काढले. सामान आत गेलं. यामिनीने फ्रीज उघडून बघितला आणि नापसंतीने बंद केला.

निघायची वेळ झाली तशी उर्वी बाहेर आली. रस्त्यातच वाकून तिने आप्पांना नमस्कार केला. आप्पांना काहीतरी सांगायचं होतं. जप, जेव, अभ्यास कर, असलं काहीतरी. ते सगळं यामिनीचं सांगून झालं होतं.

कुर्ल्याला पाळी सुटायच्या वेळी कधी मालक येत, कधी कधी घरच्यांना घेऊन. पोर्चमध्ये उभे राहून कुणाला तरी सहज एक वाक्य म्हणत. आप्पा तेव्हा हातात डबा घेऊन बस स्टॉपकडे चाललेले असत. पन्नास वर्षांत त्यांनी हे वाक्य ना कुणाला म्हटलं होतं, ना कुणी त्यांना.

"यावंसं वाटलं की ट्रेनने येऊ नकोस," आप्पा म्हणाले. "फोन कर. गाडी पाठवतो."